पाठमोरीचा वाटा

या, असे पुढे सरकून बसा. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसणाऱ्याच्या कानी अभंग पोचतो, पण बुवांच्या डोळ्यांतलं हसू पोचत नाही. गोष्टीचंही तसंच आहे. मोबाईल पालथा ठेवा, मांडी घाला. तोंडवलीच्या पुळणीवरच्या, समुद्रकाठच्या वाळूवरच्या, एका बाईची गोष्ट सांगतो. ही बाई रोज सकाळी सगळ्या वाडीकडे पाठ करून उभी राहायची, आणि त्या पाठीवर सगळ्या वाडीचा भरवसा होता. निदान वाडीला तसं वाटायचं.

बाईचं नाव सावित्री. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगाने शिडशिडीत, आवाज मात्र असा की सुरूच्या बनात हाक मारली तर खाडीपलीकडचा माणूस ओ देईल. नवरा सुशांत मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि मे महिन्यात येणारा. घरात ती आणि सव्वीस वर्षांचा मुलगा सर्वेश.

त्यांच्या वाडीची रापण होती. होडी समुद्रात अर्धा फेरा मारून भलंमोठं जाळं टाकून यायची, आणि मग दोन टोकांचे दोन दोर धरून अख्खी वाडी ते जाळं पुळणीवर ओढायची. पाय घोट्यापर्यंत वाळूत, कंबर मागे झुकलेली, तळवे सोलवटलेले. दोन-अडीच तासांनी जाळं काठाला लागलं की मासळीचे ढीग घालायचे. जितकी माणसं दोराला, तितके ढीग. त्यांनाच म्हणायचं वाटे.

आता कितीही सारखे घाला, एका वाट्यावर इसवण, म्हणजे सुरमई, आडवी पडतेच आणि दुसऱ्यावर नुसते बारके पेडवे आणि मूठभर सुंगटं, म्हणजे कोळंबी. मग कोणता कोणाचा? त्यासाठी पाठमोरी. वाट्यांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून एकाने उभं राहायचं. मागे दुसऱ्याने एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारायचं, "हो कोणाचो?" पाठमोऱ्याने तोंडाला येईल ते नाव हाकारायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. रुसायचं नाही, बदलून मागायचा नाही. पाठमोऱ्याने स्वतःचं नाव कधी घ्यायचं नाही. सगळ्यात शेवटी जो उरेल, तो त्याचा. आणि एकदा हाकारा सुरू झाला की शेवटच्या वाट्यापर्यंत पाठमोरा बदलायचा नाही. तो मधे तोडला तर समुद्र आठ दिवस रिकाम्या हाताने परत पाठवतो, अशी वाडीची श्रद्धा.

सावित्रीच्या आधी बावीस वर्षं हे काम तिचा सासरा करत होता. लवूआजा. लवूआजा दोन्ही कानांनी ठार बहिरा. त्याला "हो कोणाचो?" ऐकू कसं येणार? म्हणून त्याच्या कमरेला एक काथ्याची दोरी बांधलेली असायची. वाट्याला काठी लागली की मागून एक हिसका. हिसका बसला की आजा नाव घ्यायचा. बावीस वर्षांत एका माणसाची तक्रार नाही. त्याला ओरडून काही सांगायची सोय नव्हती, आणि कानात सांगायची तर त्याहून नव्हती.

आजा गेला तेव्हा रापण संघाचा प्रमुख होता गुरुदास. माणूस उमदा, पोट सुटलेलं, हसला की सगळं पोट हसायचं. पाण्याचा रंग बघून तारली मासळी कुठे आली आहे ते सांगण्यात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कोणी नव्हता. त्याने सावित्रीला पाठमोरी नेमलं आणि म्हणाला, "वैनी, तुका ऐकाक येता. दोरी कित्याक होयी? सोड ती."

दोरी सुटली, आणि तिथून सगळं बिघडलं.

काठी टेकवायला गुरुदासचा मावसभाऊ गंगाराम असायचा. एरवी त्याचा आवाज खणखणीत. पण चांगल्या वाट्यापाशी आला की त्याचा घसा धरायचा. "हो... खॅक्... कोणाचो?" पहिले चार दिवस सावित्रीला वाटलं, बिचाऱ्याला पडसं झालंय. तिने घरून आल्याचा काढा करून आणला. गंगाराम तो मुकाट्याने प्यायला आणि दुसऱ्या दिवशी सुरमईपाशी पुन्हा खोकला. मग एकदा होडीला ढकल देता देता गुरुदास हळूच म्हणाला, "वैनी, गंगाराम खोकललो आणि तुझ्या तोंडाक माझा नाव इला, तर दर्या काय आटाचो नाय."

त्याच आठवड्यात सर्वेशला गुरुदासच्या पर्यटकांच्या बोटीवर काम लागलं होतं. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायचं काम.

तुम्ही लगेच कपाळाला आठ्या घालू नका. रोज नव्हे, आठ दिवसांतून एकदा गंगाराम खोकला की तिच्या तोंडून "गुरुदाऽऽस" निघायचं. त्या दिवशी घरी भात तिला गोड लागायचा नाही. पण बोटीवरून सर्वेश शिट्टी वाजवत आला की ती तेही विसरायची. चार मोसम असे गेले.

दर तीन वर्षांनी संघाचा प्रमुख निवडायचा. गुरुदास तीन वेळा निवडून आला होता. या वेळी त्याच्यासमोर पुन्हा उभा राहिला कॉन्स्टान्सियो मास्तर. शाळेतून निवृत्त झालेला, उंच, हडकुळा, दोराला सगळ्यात पुढे. गुरुदासच्या पर्यटकांच्या बोटी रापणीच्या जागेतच नांगरतात, त्याने जाळं फाटतं, हे त्याचं म्हणणं. गेल्या खेपेला तो तीन मतांनी पडला होता आणि ती तीन मतं अजून त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली होती.

चैत्र लागला तशी जाळी ठेवायच्या छपरात, मांगरात, बैठक बसली. निवडणूक कोणी घ्यायची हे तिघांनी ठरवायचं: प्रमुखाने, प्रमुखाच्या पसंतीच्या एकाने, आणि समोरच्या उमेदवाराने. म्हणजे गुरुदास, गंगाराम आणि मास्तर.

"सावित्रीवैनी!" गुरुदास म्हणाला. "रोज आमचे वाटे हाकारता. तिच्यापेक्षा बरा कोण गावतला?"

"वैनी बरीच आसा," मास्तर म्हणाला. "पण तिका नेमतलो कोण? तिघातले दोघे तुझे. मी हात वर केलंय काय नि खाली केलंय काय, सारख्याच."

"मगे करच नको. हात दुखतलो." गुरुदासचं पोट हसलं.

दाराशी मास्तरची बायको कार्मीन जाळं सांधत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "टीव्हीर पण रोज ह्याच भांडण चालू आसा. पंचाक नेमूचा कोणी. थय कोट घातलेले भांडतत, हय लुंगीवाले."

सगळे हसले, सावित्रीही हसली. दोन हात वर झाले, एक झाला नाही. काम तिच्या गळ्यात पडलं.

बाहेर आल्यावर गुरुदासने तिच्या हातात एक कागद दिला. "मतदारांची यादी. माझ्या चेडवान कम्प्युटरवर काढल्यान. तू फक्त वाचूची, आणि मतांचे शिंपले मोजूचे." मग जाता जाता थांबला. "गंगारामाचो खोकलो अजून बरो होवक नाय, वैनी. ध्यानात आसू दे."

दुसऱ्या दिवशी दोर ओढताना तिने कागद पदराला खोचला होता. हल्ली वाडीत पुरुष कमी, म्हणून बायकाही दोराला लागतात. तिच्या पुढे कार्मीन होती. ओढता ओढता सावित्री तोंडातल्या तोंडात यादी घोकू लागली, आणि अडली.

तुम्हीच सांगा, रोज तीच नावं हाकारून हाकारून जिभेला वळण पडलेलं असतं. एका पाठोपाठ एक, जात्यावरच्या ओव्यांसारखी ती येतात. पण या कागदावरची काही नावं घशाशीच थांबत होती, भातात खडा लागावा तशी. ओमकार? हा तर सात वर्षं ठाण्यात. अजय? तो गणपतीला येतो, आरतीत सगळ्यात मोठ्याने ओरडतो आणि दोर बघितला की त्याची पाठ धरते. अशी नऊ नावं निघाली. नववं वाचलं आणि तिचे पाय वाळूत रुतले. सुशांत. तिचा स्वतःचा नवरा.

आणि जी नावं तिच्या जिभेवर आपोआप यायची, त्यातली सात कागदावर नव्हतीच. सॅन्ड्रा, रसिका, सारिका... दोराला लागणाऱ्या सगळ्या बायका.

"कार्मीन," ती म्हणाली, "तुझा नाव नाय गो हेच्यात."

कार्मीनने दोर सोडला नाही, फक्त मान वळवली. "रोज सकाळी माझ्या नावान बोंबलतंस, आणि कागदार मी मेलंय?"

"मी नाय लिवलंय ता."

"वाचतलंस मां पण तूच?"

सावित्रीने दोर आणखी घट्ट धरला. दोर ओला होता, खारट पाणी तळहाताच्या भेगांत चरचरत होतं. त्या दिवशी जाळ्यात मासळी भरपूर आली. गंगाराम खोकला. आणि सावित्रीच्या तोंडून सवयीने गुरुदासचं नाव गेलं. मागे कार्मीन खुदकन हसल्याचं तिला ऐकू आलं. ते हसणं दिवसभर तिच्या मानेवर कुसळासारखं टोचत राहिलं.

मग आली रामनवमी. भर दुपारच्या जन्माच्या कीर्तनाला जामसंड्याहून बुवा आले होते. काय सांगू तुम्हाला, काय गळा! पेटीवाला घामाघूम, मंडपात उदबत्तीचा धूर, बायकांच्या वेण्यांतल्या सुरंगीचा वास, आणि पाळण्याची दोरी हातात धरायला सगळ्यांची घाई. बुवा रंगात आले आणि रंगाच्या भरात त्यांची लय सुटली, चढत्या वाऱ्याला शीड लागल्यासारखी पुढे धावली. पण मागे झांज धरलेला तो किडकिडीत माणूस जागचा हलला नाही. तो आपल्या तालातच. बुवा पुढे, झांज मागे. सगळ्यांना कळलं की बुवा चुकले. बुवांनी हात वर करून पद थांबवलं आणि खदखदून हसले.

"मंडळी, हा माझ्याच गाडीतून येतो. माझ्याच पंगतीला जेवतो. पण झांज हातात घेतली की हा माझा नव्हे, तालाचा. उद्या हा माझा झाला, मी धावलो की धावू लागला, मी अडखळलो की अडखळू लागला, तर तुम्ही म्हणाल, वा, बुवा कधी चुकतच नाहीत! आणि मी मात्र पार बुडालेला असेन. कारण मी बरोबर गायलो तरी ते मला सांगणार कोण?"

लोक हसले, झांजवाला लाजला, पाळणा हलला, गुलाल उडाला. सावित्रीने हातावरचा सुंठवडा तोंडात टाकला. तो झोंबला. आल्याच्या काढ्याची तिला का कोण जाणे आठवण झाली.

घरी येऊन तिने मुंबईला फोन लावला.

"ऐकलास? तुमचा नाव मतदारांत आसा. मी ता घेवचंय नाय."

पलीकडून सुशांत म्हणाला, "अगो, घोवाचा नाव खोडतंस?"

"खोडतंय खंय? मी तुमका पुळणीर कधी हाकच मारूक नाय. दोराक लागलास कधी?"

"लगीन झाला त्या वर्सा लागलेलंय."

"तेवा तुमका कंबर होती."

सुशांत हसायला लागला. मग हसू आवरून म्हणाला, "सर्वेशाच्या कामाचा काय?" तिने फोन ठेवला आणि लवूआजाच्या तसबिरीखालच्या खुंटीकडे बघितलं. काथ्याची दोरी तिथे अजून लटकत होती, खाऱ्या हवेने काळी पडलेली.

दुसऱ्या सकाळी वाटे उचलून झाले तशी ती म्हणाली, "कोणी जाव नको. मतदारांची नावा सांगतंय."

"कागद खंय?" गंगारामने विचारलं.

"कागद घराकडे आसा. त्याच्यार सुंगटा सुकत घातलंय." आणि ती वळली. सगळ्या वाडीकडे पाठ केली, समुद्राकडे तोंड केलं आणि डोळे मिटून हाकारायला लागली. रोजच्यासारखं. एका पाठोपाठ एक. गुरुदाऽऽस. गंगाराऽऽम. कॉन्स्टान्सियोऽऽ. कार्मीऽऽन. कार्मीनचं नाव आलं तशी मागे कुजबुज उठली. सारिका, रसिका, सॅन्ड्रा झाल्यावर गंगाराम पुढे आला.

"थांब, थांब! बायकांची नावा कशी इली? आणि ओमकार खंय? अजय खंय? तुझो घोव खंय?"

सावित्री वळली नाही. "ज्याका मी हाक मारतंय, तो दोराचो. ज्याचो वाटो, त्याचा मत. बाकीचे पावणे. पावण्यांका चाय दिऊया, मत नाय."

"गुरुदास, बदल हिका! आत्ताच्या आत्ता!"

"बदल बघूया," मास्तर शांतपणे म्हणाला. "हाकारो सुरू झालो आसा. मधीच पाठमोरी बदलतंस? बदल."

सगळ्यांनी गुरुदासकडे पाहिलं. गुरुदासचं तोंड लाल झालं होतं. पण तो समुद्राचा माणूस. त्याने एकदा सावित्रीच्या पाठीकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाला, "हाकारो पुरो होवंदे."

नावं पूर्ण झाली. सेहेचाळीस.

"आणि तुझा?" कोणीतरी विचारलं.

"माझा नाव मी कधी घेतलंय?" आता ती वळली. तिचे डोळे खाऱ्या वाऱ्याने की कशाने लाल झाले होते. "आणि एक सांगूचा आसा. गंगारामाचो खोकलो माका कळता. चार वर्सां कळता. आठ दिवसांनी एकदा खोकल्यामागना मी गुरुदासभावजींचा नाव घेतलंय. चूक माझी. आजपासून माका ऐकाक येणा नाय."

पुळणीवर लाटेखेरीज आवाज उरला नाही. आणि नेमका तेव्हा गंगारामला ठसका लागला. खरा, जीवघेणा ठसका. डोळ्यांतून पाणी, तोंड वाकडं, थांबता थांबेना.

"पाणी दिया रे तेका," कार्मीन ओरडली, "नायतर आजचे सगळे वाटे गुरुदासाक जातले!"

जे हसू फुटलं म्हणता! दोराच्या गुंडाळ्यांवर लोक लोळले. गुरुदास तेवढा हसला नाही. तो खांद्यावर पंचा टाकून निघून गेला.

उन्हं उतरायच्या आत सर्वेश घरी आला. शिट्टी नव्हती. घरापुढच्या खळ्यात बसून त्याने पायाची वाळू झाडली, बराच वेळ झाडली.

"गुरुकाकान सांगल्यान, उद्यापासून येव नको."

सावित्री माडाची झापं विणत होती. तिचे हात थांबले. "माझ्यामुळे."

"नाय, डॉल्फिनांमुळे," सर्वेश म्हणाला. "आये, एक विचारू? आधी कित्याक खोकल्याक भुलत होतंस?"

"तुझ्यासाठी."

"मगे आता?"

ती झापाची चुकलेली पाती उसवू लागली. सर्वेशनेच तिच्या हातातलं झाप घेतलं आणि विणायला लागला. "आता माझ्यासाठी काय नको करू. माका लोक बोटीर विचारत, तुझी आवस ती पाठमोरी मां? मी होय म्हणायचंय, आणि माका उगाच लाज वाटायची. कशाची ता आज कळला." थोड्या वेळाने म्हणाला, "उद्यापासून दोराक येतंय. पण माझ्यासाठी मत मागू नको. यादी सेहेचाळीसार संपली, मी सत्तेचाळीसावो."

मतदान रविवारी. मांगराच्या आत जुन्या शिडाचा पडदा लावला. पडद्यामागे दोन भांडी. प्रत्येकाने आत जाऊन तिसऱ्यांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांतला, एक शिंपला ज्याला मत द्यायचं त्याच्या भांड्यात टाकायचा. शिंपले कार्मीनच्या घरच्या कालवणातलेच, धुऊन ठेवलेले. भांडी गंगारामने आणली होती: गुरुदासला मान म्हणून तांब्याची घागर, मास्तरला मातीचं मडकं. आणि तो स्वतः पडद्याला पाठ लावून, डोळे मिटून, जप करत असल्यासारखा बसला होता.

सावित्रीने सहज एक शिंपला घागरीत टाकला. ठण्ण! एक मडक्यात टाकला. ठप्.

तिने दोन्ही काढून घेतले आणि पडद्यापलीकडच्या गंगारामच्या सावलीकडे पाहिलं. गेल्या निवडणुकीलाही हीच घागर होती. तेव्हाही कोणी मत सांगितलं नव्हतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी कोणाला होडीत कुठे बसवायचं ते गुरुदासला बरोबर कळलं होतं.

ती बाहेर पडली, तरातरा लाटेपर्यंत गेली, ओचा भरून ओली वाळू आणली आणि दोन्ही भांड्यांत ओतली. पुन्हा शिंपला टाकून पाहिला आणि काढून घेतला. काही नाही. लवूआजाच्या कानासारखी दोन्ही भांडी ठार.

"ह्या काय करतंस?" गंगारामने डोळे उघडले.

"जप चलू दे तुझो," सावित्री म्हणाली.

माणसं एकेक आत गेली, एकेक बाहेर आली. बायका पहिल्यांदाच आत जात होत्या. रसिका बाहेर आली ती हातावर वाळू झटकत, लग्नातल्यासारखी लाजत. दुपारी शेवटचं नाव झालं. चटईच्या दोन टोकांना दोन्ही भांडी वेगवेगळी उपडी केली, एकेकाची वाळू टोपलीत घालून समुद्राच्या पाण्यात खळबळली आणि दोन ढिगांतले सगळे शिंपले मोजले.

त्रेपन्न.

पुन्हा मोजले. त्रेपन्न. मतदार सेहेचाळीस.

"फसवणूक!" गंगाराम उडालाच. मास्तरचा चेहरा उतरला. लोक उठून उभे राहिले. सावित्री चटईवर वाकली. तिने एक शिंपला उचलला, उन्हात धरला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"माझीच चूक," ती मोठ्याने म्हणाली. "पुळणीची वाळू. त्याच्यात शिंपले आसतलेच मां! चाळूक होयी होती, मी तशीच वतलंय."

अहो, पुळणीवर जन्म गेलेल्या माणसांची ही चूक! कोणी हसावं की भांडावं हे ठरेपर्यंत गुरुदास पुढे आला. आठवडाभर तो कोणाशी बोलला नव्हता. तो चटईवर बसला, एक शिंपला उचलून अंगठा फिरवला.

"हो टोपात उकडलेलो. कड धारदार आसा." तो बाजूला ठेवला. दुसरा उचलला. "हो दर्यातलो. लाटेन झिजलेलो." फेकला. "मास्तर, बस तूय. हात लाव."

मास्तर समोर बसला. दोघांची डोकी एकमेकांना लागायला आली. सगळी वाडी गोल करून वाकली. उकडलेला, झिजलेला, उकडलेला. भांडण कुठे झालंच नाही. त्या किनाऱ्यावर ताटातला शिंपला आणि वाळूतला शिंपला आंधळ्यालाही कळतो. गुरुदासच्या ढिगात एक राहिला होता. वर धारदार, आत मळकट. मास्तर म्हणाला, "ऱ्हवंदे तो तुका."

गुरुदासने तो नखाने खरवडून पाहिला. "नाय. दर्याचो आसा." आणि आपल्या हाताने लांब फेकला.

झिजलेले सात निघाले. उरले सेहेचाळीस. गुरुदास पंचवीस, मास्तर एकवीस.

गुरुदास निवडून आला होता! गंगाराम नाचायला लागला, पण गुरुदास चटईवरून उठला नाही. तो शिंपल्यांकडेच बघत होता.

"पंचवीस," तो म्हणाला. "बायका धरून. ते मुंबयवाले सोडून." त्याने एक शिंपला मुठीत धरला. "आजवर तीनदा निवडून इलंय. पण लोकांका मी खरोखर होयो आसंय काय, ता माका आज कळला, वैनी."

मास्तरने आधी कपाळावर क्रूस काढला, मग हात पुढे केला. "मी हरलंय. पण गेल्या टायमाक हरलेलो ता तीन वर्सां पोटात दुखत होता. आज दुखणा नाय. तुझे बोटी मात्र हलय हां रापणीतना. एकवीस जणांनी सांगल्यानी आसा."

"हलयतंय," गुरुदास म्हणाला, आणि आठवड्यात पहिल्यांदा त्याचं पोट हसलं.

दुसऱ्या सकाळी रापण लागली ती बांगड्यांनी जड. सर्वेश दोराला होता, गुरुदास त्याच्या शेजारी येऊन ओढायला लागला आणि म्हणाला, "उद्या बोटीर ये." सर्वेश म्हणाला, "मोसम संपाक देवा, काका. मगे बघूया." वाटे घातले गेले. सावित्रीने पदराखालून ती काळी पडलेली काथ्याची दोरी काढली, कमरेला बांधली आणि दुसरं टोक मास्तरच्या हातात दिलं.

"काठी आणि दोरी हरलेल्याच्या हातात," ती म्हणाली. "आणि कोणी तोंड उघडूचा नाय. गंगाराम, तू तर श्वास पण हळू घे."

ती समुद्राकडे वळली. हिसका. रसिकाऽऽ. हिसका. गंगाराऽऽम. हिसका. वारा तोंडावर, मागे नुसती पावलं आणि दोरी. किती दिवसांनी तिला नावं अशी मोकळी सुचत होती, कीर्तनात टाळ्या आपोआप पडाव्या तशी. इसवणीचा वाटा गेला सॅन्ड्राला. गुरुदासला गेले पेडवे, एकच मोठा बांगडा आणि एक खेकडा, तोही पळून जाणारा.

शेवटी एकच वाटा उरला. पाठमोरीचा. चार बांगडे आणि थोडी सुंगटं. सावित्री वळून बघते तर गुरुदास वाकून आपल्याकडचा एकुलता एक मोठा बांगडा तिच्या वाट्यावर ठेवत होता. प्रेमाने. खरंच प्रेमाने, त्यात काही खोट नव्हती.

"उचला तो, भावजी," ती म्हणाली.

"वैनी, खुशीन देतंय."

"म्हणानच उचला. पाठमोरीच्या वाट्यार कोणी वाढवचा नाय. आज तुमी खुशीन घालतास, उद्या माझी मान आपोआप मागे वळात."

गुरुदासने बांगडा उचलला. हसला. आणि सावित्री चार बांगडे पदरात घेऊन, कमरेची दोरी न सोडताच, घराकडे चालू लागली. दोरीचं टोक वाळूत रेघ ओढत तिच्या मागे जात होतं.

एवढीच गोष्ट. पुढच्या वेळी तुमच्या बोटाला शाई लागेल, कोणी जिंकेल, कोणी हरेल; तेव्हा घटकाभर थांबा आणि तोंडवलीच्या त्या लवूआजाची आठवण काढा, ज्याला बावीस वर्षांत कोणाचा खोकला ऐकू आला नाही. देव त्याचं भलं करो. आणि ज्यांना चांगलं ऐकू येतं, त्यांच्यासाठी त्याची दोरी कुठेतरी खुंटीवर राहो.